कालच्या बंडखोराला हार, आजच्याला छडी

१६ ऑगस्ट आला की चंद्रपूर जिल्ह्याच्या या जंगलपट्ट्यात क्रांतीची आठवण जागी होते. १९४२ साली याच दिवशी, नागपंचमीला, चिमूरच्या रस्त्यावर मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा त्यांना बळी पडला. संतप्त जमावाच्या हातून त्यानंतर अधिकारीही मारले गेले. त्या कृत्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु सरकारने त्याचा जो सूड उगविला, विशेषतः चिमूरच्या स्त्रियांवर फौजेने जे अत्याचार केले, त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांना साठाहून अधिक दिवस उपोषण करावे लागले, हेही इतिहासाने नोंदविले आहे. आज चिमूरला हुतात्म्यांना अभिवादन होते आणि लगतच्या नागभीड तालुक्यातील शाळांतूनही ही कथा मुलांना सांगितली जाते. बालाजीच्या नावाला हार चढतो व मुले टाळ्या वाजवितात.

या कथेतील एक भाग मात्र भाषणांत घाईने उरकला जातो. चिमूरचे तरुण रस्त्यावर उतरले ते कोणा पुढाऱ्याचे लांबलचक पत्रक वाचून नव्हे. त्यांना पेटविले होते भजनांनी. तुकडोजी महाराजांची खंजिरी त्या काळात या भागात गावोगाव वाजत होती आणि त्या साध्या ठेक्यावर चढलेले शब्द सरकारला इतके झोंबले की ऑगस्टअखेर महाराजांना अटक करून नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. ज्यांचे स्वतःचे शिक्षण प्राथमिक वर्गांपलीकडे गेले नाही, त्या या माणसाचे नाव पुढे नागपूरच्या विद्यापीठाला देण्यात आले. गाणे, तरुण वय आणि सत्तेला दिलेला नकार या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय घडते, हे या मातीला कोणी शिकवावयास नको.

आता एक प्रश्न विचारू या. समजा, नागभीड तालुक्यातील एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नववीच्या चार मुलांनी स्वतः रचलेले एक गाणे म्हटले. त्यात चाल अशी फारशी नाही, बाकावर धरलेला ठेका आहे, आणि शब्द असे आहेत की गणिताला वर्षभर शिक्षक नाही, एस.टी. वेळेवर येत नाही, खिचडीत डाळ शोधावी लागते आणि प्रश्न विचारला की कानाखाली बसते. काय होईल? ध्वनिक्षेपक बंद केला जाईल, पालकांना बोलावणे जाईल आणि दाखल्यावर शेरा मारण्याची धमकी दिली जाईल. बालाजीच्या नावाला हार घालणारे तेच हात या मुलांवर छडी उगारतील. मेलेला बंडखोर मुलगा आपल्याला आदर्श वाटतो आणि जिवंत बंडखोर मुलगा उनाड वाटतो. या विसंगतीचा विचार समाजवादी कार्यकर्त्याने करावयाचा नाही, तर मग कोणी करावयाचा?

हा प्रश्न एकट्या नागभीडचा नाही. १९७६-७७ या वर्षांत इंग्लंडमध्ये 'पंक रॉक' या नावाने जे संगीत उसळले, त्याचा गाभा हाच होता. ज्या देशाने कल्याणकारी राज्याचा डंका जगभर वाजविला, तेथे बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती. शाळेतून बाहेर पडणाऱ्या कामगार वस्तीतील मुलांना समोर काम दिसत नव्हते. शाळा त्यांना शिस्त शिकवीत होती. परंतु ती शिस्त ज्या कारखान्यासाठी होती, त्या कारखान्याच्या दारालाच कुलूप लागले होते. अशा वेळी 'सेक्स पिस्टल्स', 'द क्लॅश' यांसारखी टोळकी उभी राहिली. केस रंगविलेले, कपडे फाटके व सेफ्टी पिनांनी जोडलेले, गळा कर्कश आणि गिटारीवर जेमतेम तीन पट्ट्या. राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव १९७७ साली साजरा होत असता 'सेक्स पिस्टल्स'ने राणीच्या नावाने जी तबकडी काढली, तिच्यावर बी.बी.सी.ने बंदी घातली. सभ्य वृत्तपत्रांनी या मुलांना समाजाची घाण ठरविले.

'पंक' या इंग्रजी शब्दाचा अर्थ टाकाऊ, नालायक असा आहे. योगायोग असा की आपल्या भाषेतही पंक म्हणजे चिखलच. आमच्या मते त्या संगीताची खरी क्रांती त्याच्या किंचाळण्यात नव्हती. ती या एका घोषणेत होती की गाणे रचण्यास उस्तादाची परवानगी लागत नाही. महागडी वाद्ये नसली तरी चालेल, कंपनी नसली तरी चालेल, पत्रक छापावयास पैसे नसतील तर हाताने लिहून त्याच्या प्रती काढा, परंतु स्वतःचे म्हणणे स्वतःच्या तोंडाने मांडा. खंजिरीवर उभ्या राहिलेल्या भजनाचे तत्त्व यापेक्षा फार वेगळे होते काय? आशय अर्थातच भिन्न होता. एकीकडे श्रद्धा व राष्ट्रभक्ती होती, दुसरीकडे निराशा व उपहास. परंतु ज्याला कोणी व्यासपीठ देत नाही त्याने उभे राहून गावे, ही धिटाई दोन्हींकडे समान होती.

मग या बंडाचे पुढे झाले काय? येथेच आपल्यासाठी धडा आहे. भांडवलशाही बंडाला नेहमीच चिरडीत नाही. पुष्कळदा ती त्याला विकत घेते. 'सेक्स पिस्टल्स'ला ई.एम.आय. कंपनीने जानेवारी १९७७ मध्ये सोडले, मार्चमध्ये ए. अँड एम. कंपनीने करार केला व आठवडाभरात मोडला, आणि मे महिन्यात व्हर्जिन कंपनीने तीच बंडखोरी तबकडीवर चढवून बाजारात आणली. करार मोडणारे व करणारे दोघेही व्यापारीच होते. भेद एवढाच की बंडाचा भाव तिसऱ्याला बरोबर कळला. त्या मुलांचा व्यवस्थापक लंडनच्या किंग्ज रोडवर कपड्यांचे दुकान चालवीत होता. त्याची भागीदार व्हिव्हियन वेस्टवुड हिने शिवलेले फाटके कपडे पुढे जगप्रसिद्ध फॅशन झाले आणि २००६ साली त्याच राजघराण्याकडून तिला 'डेम' हा किताब मिळाला. अमेरिकेत १९७९ साली 'रामोन्स' या टोळीला घेऊन एक चित्रपट निघाला, ज्याच्या शेवटी विद्यार्थी आपली शाळाच उडवून देतात. प्रेक्षकांनी तिकीट काढले, हसले आणि घरी गेले. पडद्यावरची शाळा उडाली, खरी शाळा मात्र होती तशीच राहिली.

याहून बोलके उदाहरण त्याच वर्षीचे आहे. 'पिंक फ्लॉइड' ही काही पंक टोळी नव्हे. ती प्रस्थापित व श्रीमंत मंडळी होती. परंतु शाळेतील दडपशाहीविरुद्धचे त्यांचे 'अनदर ब्रिक इन द वॉल' हे गाणे जगभर गेले. त्यात मुलांचा समूहस्वर आहे. ही मुले उत्तर लंडनच्या इझलिंग्टन ग्रीन या सरकारी शाळेतील होती. गाण्याच्या लाखो प्रती खपल्या. शाळेला एक हजार पौंड मिळाले, मुलांच्या हाती त्या वेळी रोख काहीच पडले नाही आणि पंचवीस वर्षांनी, २००४ साली, प्रौढ झालेल्या त्या मुलांपैकी काहींनी मानधनासाठी दावे पुढे आणले. दडपशाहीविरुद्धच्या गाण्यातही श्रम कोणाचे आणि नफा कोणाचा हा जुना प्रश्न सुटला नव्हता.

परंतु त्याच गाण्याची दुसरी कथा लंडनपासून दूर, दक्षिण आफ्रिकेत घडली. तेथे १६ जून १९७६ रोजी सोवेटोच्या कृष्णवर्णीय शाळकरी मुलांनी आफ्रिकान्स ही राज्यकर्त्यांची भाषा शिक्षणाचे माध्यम म्हणून लादण्याविरुद्ध मोर्चा काढला होता. पोलिसांच्या गोळ्यांनी त्यांतील मुले मारली गेली व देशभर वणवा पेटला. पुढे १९८० साली वर्णभेदी शिक्षणाविरुद्ध विद्यार्थ्यांनी पुन्हा शाळांवर बहिष्कार टाकला, तेव्हा 'पिंक फ्लॉइड'चे हेच गाणे त्यांच्या ओठांवर होते, आणि मे महिन्यात वर्णद्वेषी सरकारने त्यावर बंदी घातली. गाणे तेच, शब्द तेच. लंडनमध्ये तो विक्रीचा माल होता, केपटाउनमध्ये ते हत्यार झाले. हा फरक कशामुळे पडला? दक्षिण आफ्रिकेत त्या गाण्याला झेलावयास चळवळ उभी होती. इंग्लंडमध्येही जेथे चळवळ होती तेथे हाच अनुभव आला. ३० एप्रिल १९७८ रोजी 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' या संघटनेच्या हाकेस ओ देऊन हजारो तरुण लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत चालत गेले. 'द क्लॅश' तेथे गायले. नॅशनल फ्रंट या वंशद्वेष्ट्या पक्षाकडे ओढल्या जाऊ शकणाऱ्या कामगार वस्तीतील गोऱ्या पोरांना काळ्यांच्या बाजूला उभे करण्याचे काम त्या 'टाकाऊ' संगीताने केले.

निष्कर्ष स्पष्ट आहे. तरुणाचे बंड हे कच्चे लोखंड आहे. त्याची वीट विकली जाईल, गंज चढेल किंवा त्याचा नांगर होईल, हे त्याला कोण उचलून घेतो यावर अवलंबून आहे.

आमचे काही जुने सहकारी यावर म्हणतील की हे सारे पाश्चात्त्य थेर आहे. आपल्या मुलांना शिस्त हवी, किंचाळणे नको. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्या संगीतात शिवीगाळ होती, अमली पदार्थांनी अनेक तरुण जीव घेतले, आणि पुढे काहीच नाही या भावनेला कवटाळून बसणे हा काही समाजवाद नव्हे. निराशा ही राजकारणाची सुरुवात असू शकते, शेवट नव्हे. परंतु शिस्तीच्या नावाखाली प्रश्न दडपणे हाही समाजवाद नव्हे. शिवाय हे थेर आपल्याकडे नवे आहे असे मानणे म्हणजे आपल्याच परंपरेचे अज्ञान होय.

१८५५ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला व तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. धर्मावर, पेशवाईवर आणि उच्चवर्णीयांच्या क्रौर्यावर त्या किशोरवयीन मुलीने जे आसूड ओढले, त्यांपुढे लंडनच्या पोरांची तबकडी मवाळ वाटावी. परंतु त्या निबंधाबद्दल तिला कोणी वर्गाबाहेर काढले नाही. तिच्या शिक्षकांना तिचा अभिमान वाटला. बंड करणारे मूल आणि शाळा हे एकमेकांचे वैरी असलेच पाहिजेत असे नाही. ज्या शाळेत प्रश्न विचारता येतो, तेथे बंड शाळेविरुद्ध न होता शाळेतून अन्यायाविरुद्ध होते. फुल्यांनी उभी केलेली शाळा तशी होती. आपण उभ्या केलेल्या किती शाळा तशा आहेत?

पुढे सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, अण्णाभाऊ साठे व अमर शेख यांचे लाल बावटा कलापथक, राष्ट्र सेवा दलाचे कलापथक या साऱ्यांनी हेच केले. सेवा दलाच्या कलापथकातून वसंत बापट गाणी देत होते. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांसारखी साध्या घरांतील मुले तेथे घडली. आणि या झाडीपट्टीत तर धान घरी आले की दंडार, खडी गंमत व नाटक यांच्या रात्री सुरू होतात. पाटलाची, सावकाराची, भोंदू बुवाची टर उडविण्याचे स्वातंत्र्य या रंगमंचाने अडाणी ठरविलेल्या माणसाला दिले. मास्तराची व साहेबाची टर उडविण्याचे स्वातंत्र्य त्याच माणसाच्या मुलाला शाळेत का असू नये?

आणि मुलांना रागावण्यास कारणे काय कमी आहेत? नागपूर-नागभीड ही छोटी रेल्वे रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबविण्यात आली. शिक्षणासाठी ये-जा करणाऱ्या गरीब मुलांना ती स्वस्त गाडी किती मोलाची होती, याचा हिशेब कोणत्याही प्रकल्प अहवालात सापडावयाचा नाही. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यात वाघाच्या हल्ल्यांत माणसे मरतात. त्याच जंगलाच्या कडेने मुले शाळेत जातात. धानाचा हंगाम सरला की या जिल्ह्यांतील मजूर कुटुंबे मिरची तोडावयास तेलंगणात जातात आणि पोरांची पाटी-पुस्तके घरी राहतात. अशा वेळी शासनाने काय केले? डिसेंबर २०१७ मध्ये कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा बंद करून मुलांना दुसरीकडे पाठविण्याचा निर्णय जाहीर झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागविण्यात आले. शहरातील अधिकाऱ्याला दहा मुलांची शाळा म्हणजे उधळपट्टी वाटते. जंगलातील टोल्याला ती एकमेव सरकारी सावली असते.

मुले गप्प बसलेली नाहीत. जुलै २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतील विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. खाणावळ बंद करून जेवणाचे पैसे बँकेच्या खात्यात टाकण्याच्या योजनेला त्यांचा विरोध होता. भूक महिनाअखेरच्या खात्याची वाट पाहत नाही, एवढे साधे अर्थशास्त्र मंत्रालयाला न कळता त्यांना कळले होते. पोलिसांनी त्यांना वाटेतच अडविले. २०१९ मध्ये मुंबईच्या 'स्वदेशी' या तरुण गटाने आरे येथील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारली पाड्यांच्या हक्काचे गाणे काढले. ठेका रॅपचा, म्हणजे आजच्या शहरी पोरांचा. आशय जल, जंगल, जमिनीचा. पंकचा धडा येथे मराठी मातीत उतरलेला दिसतो. आज खेड्यातील मुलाच्या हाती मोबाइल आहे. तो त्यावर रॅप ऐकतो आणि स्वतःही चार ओळी जुळवितो. त्याच्या बंडाला गिऱ्हाईक बनविण्यासाठी बाजार दबा धरून बसलेलाच आहे.

या जंगल जिल्ह्यांत बाजाराखेरीज दुसराही एक धोका होता, तो विसरून चालणार नाही. गडचिरोलीत १९८० पासून सशस्त्र मार्गाने जी चळवळ शिरली, तिनेही तरुण आदिवासी मुलामुलींना प्रथम गाण्यानेच साद घातली होती. शासन, पक्ष व शाळा या साऱ्यांनी ज्यांच्याकडे पाठ फिरविली, त्यांतील काहींच्या खांद्यावर शेवटी बंदूक आली, आणि दोन्ही बाजूंच्या गोळ्यांनी मेलेली पोरे गरिबांचीच होती. दुसरीकडे, पोलिसी मनाला प्रत्येक गाणारा आदिवासी मुलगा संशयित वाटू लागला. ज्या समाजात गाण्यातून राग व्यक्त करणे गुन्हा ठरते, तो समाज रागाला अधिक भयंकर वाटा शोधावयास लावतो. इंडोनेशियातील आचे प्रांतात डिसेंबर २०११ मध्ये पोलिसांनी साठाहून अधिक पंक तरुणांना पकडून त्यांचे केस भादरले व सुधारण्यासाठी त्यांना पोलीस प्रशिक्षण शाळेत डांबले. तेथे 'शाळा' हा शब्दच शिक्षेचा पर्याय झाला. आपल्या मुलांच्या मनात या शब्दाचा अर्थ काय आहे, हे आपण त्यांना कधी विचारले आहे काय?

कायद्याची भाषा तर मुलांच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध ठरविला आहे. ज्या बालहक्क संहितेला भारताने १९९२ साली मान्यता दिली, तिच्या बाराव्या कलमात मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा अधिकार आहे. त्याच शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. या जागांवर आपले किती कार्यकर्ते, किती शेतमजूर माता बसल्या आहेत? आणि बसल्या असतील तर त्या सह्या करतात की प्रश्न विचारतात?

येथे आपणही आपली झडती घेतली पाहिजे. आपल्या सभांतून आजही पन्नास वर्षांपूर्वीचीच गाणी गायिली जातात. ती थोर आहेत. पण त्यानंतर आपण रचले काय? आपल्या शिबिरांत मुलांना ओळीत बसवून चार तास व्याख्याने ऐकविली जातात आणि मग तरुण येत नाहीत म्हणून आपण हळहळतो. ज्या पाठ्यक्रमाला आपण एकतर्फी म्हणून नावे ठेवतो, त्याचीच ही नक्कल नव्हे काय?

म्हणून नागभीड, चिमूर, ब्रह्मपुरी परिसरातील कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. येत्या १६ ऑगस्टला हुतात्म्यांना हार घालून झाल्यावर व्यासपीठ तासभर मुलांच्या हाती द्या. त्यांना खंजिरीवर गाऊ द्या, रॅप म्हणू द्या, डबा बडवून म्हणू द्या. शब्द तपासून घेऊ नका. त्यांच्या गाण्याला पक्षाचे घोषवाक्य चिकटवू नका, कारण ज्या क्षणी आपण मुलांच्या रागाचा मालक होऊ पाहतो त्या क्षणी आपल्यात आणि तबकडी कंपनीत फरक उरत नाही. तुम्ही फक्त ऐका आणि टिपून घ्या. कोणत्या शाळेत शिक्षक नाही, कोठे शौचालयाला दार नाही, कोठली एस.टी. बंद आहे, कोण हात उगारतो, हे सारे त्या गाण्यात सापडेल. त्यानंतरचे काम आपले आहे. ती यादी घेऊन शाळा समितीत, ग्रामसभेत, पंचायत समितीत व आगार व्यवस्थापकाच्या टेबलाशी जाऊन बसणे, आणि ज्या मुलाने गाणे म्हटले त्याच्या दाखल्यावर शेरा पडू नये म्हणून त्याच्या पाठीशी उभे राहणे. हे दुसरे काम अधिक कठीण आहे आणि त्यातच आपली कसोटी आहे.

पंक म्हणजे चिखल, असे वर म्हटले. झाडीपट्टीच्या शेतकऱ्याला चिखलाची किळस येत नाही. बांधीत चिखल झाल्यावाचून धानाची रोवणी होत नाही, हे त्याला ठाऊक असते. मुलांच्या रागाकडे पाहताना हीच जाण आपल्याला आली, तर पुढच्या पिढीला हार घालण्यासाठी नवा हुतात्मा शोधावा लागणार नाही.